ऑटो लोवी

ऑटो लोवी (३ जून, १८७३:फ्रांकफुर्ट आम माइन, जर्मनी - २५ डिसेंबर, १९६१:न्यू यॉर्क, अमेरिका) हे जर्मनीत जन्मलेले औषधक्रियाशास्त्रज्ञ होते. चेतापेशी आपला संदेश शेजारच्या पेशीपर्यंत रासायनिक पदार्थाच्या साहाय्याने पोहोचवते, हे त्यांनी बेडकाच्या हृदयावरील प्रयोगांतून सर्वप्रथम दाखवून दिले. या शोधासाठी त्यांना १९३६ साली हेन्री डेल यांच्यासह शरीरक्रियाशास्त्र वा वैद्यकातील नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. कारकिर्दीचा सर्वांत मोठा काळ त्यांनी ऑस्ट्रियातील ग्राझ विद्यापीठात घालवला. १९३८ साली नाझी राजवटीने त्यांना तुरुंगात टाकले व त्यानंतर देश सोडण्यास भाग पाडले. आयुष्याची शेवटची दोन दशके त्यांनी अमेरिकेत व्यतीत केली.

बालपण आणि शिक्षण

लोवी यांचा जन्म फ्रांकफुर्टमधील एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांचे वडील याकोब हे मद्याचे व्यापारी होते. आईचे नाव आना असे होते. शालेय शिक्षण फ्रांकफुर्टमध्येच, ग्रीक व लॅटिन या अभिजात भाषांवर भर देणाऱ्या शाळेत झाले. भाषा व इतिहास यांत त्यांची प्रगती चांगली होती. गणित आणि भौतिकशास्त्रात मात्र ती बेताचीच होती. कलेच्या इतिहासाचा अभ्यास करण्याची त्यांची इच्छा होती. परंतु घरच्यांच्या आग्रहामुळे १८९१ साली त्यांनी स्ट्रासबुर्ग विद्यापीठात वैद्यकाच्या अभ्यासक्रमास प्रवेश घेतला. स्ट्रासबुर्ग हे शहर त्या काळी जर्मन साम्राज्यात होते.

सुरुवातीची काही वर्षे त्यांचे वैद्यकाकडे फारसे लक्ष नव्हते. वैद्यकाच्या वर्गांऐवजी तत्त्वज्ञान आणि कलेतिहासाच्या व्याख्यानांना ते अधिक हजर राहत. याचा परिणाम म्हणून वैद्यकाची पहिली परीक्षा ते जेमतेमच उत्तीर्ण झाले. पुढे बर्नहार्ड नाउनीन यांच्या अध्यापनामुळे त्यांना वैद्यकात रस वाटू लागला. आधुनिक औषधक्रियाशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक मानले जाणारे ओस्वाल्ड श्मीडेबेर्ग हे त्या वेळी स्ट्रासबुर्ग येथेच होते. लोवी यांनी आपला प्रबंध त्यांच्या विभागात, शरीराबाहेर काढलेल्या बेडकाच्या हृदयावर औषधांचा होणारा परिणाम या विषयावर लिहिला आणि १८९६ साली पदवी मिळवली. पुढे त्यांच्या नावाशी कायमचे जोडले गेलेले प्रायोगिक साधन अशा रीतीने विद्यार्थिदशेतच त्यांच्या हाती आले होते.

रुग्णालयाकडून प्रयोगशाळेकडे

पदवीनंतर १८९७-९८ मध्ये लोवी यांनी फ्रांकफुर्टच्या नगर रुग्णालयात कार्ल फॉन नोर्डेन यांचे सहायक म्हणून काम केले. तेथे क्षयरोग व न्यूमोनियाच्या विभागांत रुग्ण मोठ्या संख्येने दगावत असत. या रोगांवर त्या काळी कोणताही प्रभावी उपचार नव्हता व वैद्याला रुग्णाकडे पाहत राहण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे. या अनुभवाने व्यथित होऊन त्यांनी रुग्णसेवेचा मार्ग सोडला व मूलभूत संशोधनाकडे वळण्याचा निर्णय घेतला. १८९८ साली ते मारबुर्ग विद्यापीठात हान्स होर्स्ट मायर यांचे सहायक झाले.

मारबुर्ग येथे त्यांचे पहिले महत्त्वाचे संशोधन चयापचयाविषयी होते. प्रथिनांचे पूर्ण विघटन करून मिळालेल्या घटकांवरही प्राणी जगू शकतात, म्हणजेच शरीर अशा घटकांपासून स्वतःची प्रथिने नव्याने घडवू शकते, हे त्यांनी १९०२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतून दाखवले. पोषणशास्त्राच्या दृष्टीने हा निष्कर्ष मोलाचा ठरला. याशिवाय मूत्रपिंडाचे कार्य आणि मधुमेह या विषयांवरही त्यांनी काम केले.

१९०२ सालीच ते काही महिन्यांसाठी इंग्लंडला गेले. लंडनमधील अर्नेस्ट स्टार्लिंग यांच्या प्रयोगशाळेत त्यांची हेन्री डेल यांच्याशी ओळख झाली. ही मैत्री जवळजवळ साठ वर्षे टिकली. त्याच वर्षी स्टार्लिंग आणि विल्यम बेलिस यांनी सिक्रेटीन या पदार्थाचा शोध लावला होता. आतड्याच्या अस्तरातून रक्तात मिसळणारा हा पदार्थ स्वादुपिंडाला पाचकरस सोडण्याचा संदेश देतो. दूरच्या अवयवांमधील पेशी रक्तातून वाहणाऱ्या रसायनाद्वारे परस्परांशी संवाद साधू शकतात, हे त्यामुळे सिद्ध झाले. अशा पदार्थांना पुढे १९०५ पासून हॉर्मोन, अर्थात संप्रेरक, हे नाव मिळाले.

मायर यांची व्हिएन्ना येथे नियुक्ती झाल्यावर लोवीही त्यांच्यासोबत तेथे गेले. १९०८ साली त्यांचा विवाह रसायनशास्त्राचे प्राध्यापक गीडो गोल्डश्मीट यांची कन्या गीडा यांच्याशी झाला. या दांपत्याला तीन मुलगे व एक मुलगी अशी चार अपत्ये झाली. १९०९ साली लोवी यांची ग्राझ विद्यापीठात औषधक्रियाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून नेमणूक झाली आणि १९३८ पर्यंत ते तेथेच राहिले. कोकेनमुळे अवयवांची ॲड्रेनलीनविषयीची संवेदनशीलता वाढते, हे त्यांनी आल्फ्रेड फ्र्योलिश यांच्यासह १९१० साली दाखवले.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्पेनचे सान्तियागो रामोन इ काहाल यांच्या सूक्ष्मदर्शकीय निरीक्षणांमुळे चेतासंस्था ही सलग जाळी नसून स्वतंत्र पेशींची बनलेली आहे, हे मत दृढ झाले. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी दोन चेतापेशींमधील संपर्कस्थानाला १८९७ साली सिनॅप्स हे नाव दिले. मात्र पेशी जर एकमेकींपासून अलग असतील, तर एका पेशीतील संदेश दुसरीपर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न यातून उभा राहिला.

चेतातंतूमधून जाणारा आवेग विद्युत स्वरूपाचा असतो हे ठाऊक होते. त्यामुळे तोच विद्युत प्रवाह संपर्कस्थान ओलांडून पुढील पेशीला उद्दीपित करतो, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानत. संदेश रासायनिक असावा ही कल्पनाही अधूनमधून मांडली जात होती. केंब्रिज येथील थॉमस इलियट यांनी १९०४ साली अनुकंपी चेतांच्या टोकांतून ॲड्रेनलीनसारखा पदार्थ सुटत असावा, असे सुचवले. ॲसिटिलकोलीन या पदार्थाचा शरीरावर होणारा परिणाम परानुकंपी चेतांच्या परिणामासारखाच असतो, हे डेल यांनी १९१४ साली नोंदवले. परंतु हा पदार्थ शरीरात नैसर्गिकरीत्या असतो, असा पुरावा त्या वेळी उपलब्ध नव्हता. स्वतः लोवी यांनीही १९०३ साली मारबुर्ग येथे आलेले इंग्रज शास्त्रज्ञ वॉल्टर फ्लेचर यांच्याशी बोलताना अशी शक्यता व्यक्त केली होती. ती कशी तपासावी हे न सुचल्याने ते हा विचार विसरूनही गेले. अनेक वर्षांनी फ्लेचर यांनीच त्यांना त्या संभाषणाची आठवण करून दिली.

दोन हृदयांचा प्रयोग

बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून रिंगर द्रावणात, म्हणजे रक्तद्रवाशी साम्य असलेल्या क्षारांच्या द्रावणात, ठेवल्यास ते बराच वेळ धडधडत राहते. लोवी यांनी अशी दोन हृदये घेतली. पहिल्या हृदयाला जोडलेल्या चेता तशाच ठेवल्या होत्या. दुसऱ्याच्या काढून टाकल्या होत्या. पहिल्या हृदयात रिंगर द्रावण भरून त्याच्या व्हेगस या चेतेला विजेने उद्दीपित केले, तेव्हा अपेक्षेप्रमाणे त्याची गती मंदावली. त्यानंतर त्या हृदयातील द्रावण काढून दुसऱ्या हृदयात भरले. या दुसऱ्या हृदयाच्या कोणत्याही चेतेला स्पर्श केलेला नसतानाही त्याचे ठोके मंदावले व क्षीण झाले. पहिल्या हृदयाची गती वाढवणारी चेता उद्दीपित करून तेथील द्रावण दुसऱ्या हृदयात भरले असता त्याची गती वाढली.

दोन्ही हृदयांमध्ये द्रावणाखेरीज कोणताही दुवा नव्हता. विद्युत प्रवाह द्रावणासोबत काढून नेता येत नाही. त्यामुळे चेता हृदयावर थेट परिणाम करीत नसून आपल्या टोकांतून विशिष्ट पदार्थ सोडते आणि तो पदार्थ हृदयाच्या पेशींवर क्रिया करतो, हा निष्कर्ष अपरिहार्य ठरला. व्हेगस चेतेच्या टोकांतून सुटणाऱ्या पदार्थाला लोवी यांनी फागुसश्टोफ, म्हणजे व्हेगसचा पदार्थ, असे नाव दिले. गती वाढवणाऱ्या पदार्थासाठी आक्सेलेरान्सश्टोफ हे नाव रूढ झाले. या प्रयोगांचा पहिला लेख १९२१ साली प्रसिद्ध झाला.

स्वप्नाची कथा

हा प्रयोग स्वप्नात सुचल्याचे लोवी यांनी पुढे अनेकदा सांगितले. त्यांच्या आत्मकथनपर लेखानुसार १९२० साली ईस्टरच्या आदल्या रात्री ते जागे झाले, कागदाच्या कपट्यावर काही शब्द खरडले आणि पुन्हा झोपी गेले. सकाळी मात्र ते अक्षर त्यांना स्वतःलाच लागेना. पुढच्या रात्री तीन वाजता तीच कल्पना पुन्हा आली. या वेळी ते ताबडतोब उठून प्रयोगशाळेत गेले आणि त्यांनी प्रयोग केला. या घटनेच्या निरनिराळ्या कथनांत तपशिलांचा फरक आढळतो.

विज्ञानातील अंतःप्रेरणेचे उदाहरण म्हणून ही कथा प्रसिद्ध असली, तरी प्रयोगाचे सर्व घटक लोवी यांच्याजवळ आधीपासून होते. बेडकाच्या हृदयाशी त्यांचा परिचय प्रबंधाच्या काळापासूनचा होता. हृदयातून द्रावणात पदार्थ उतरतात का, हे पाहण्याची अशीच पद्धत त्यांनी १९१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वापरली होती. सतरा वर्षांपूर्वीची कल्पना आणि दोन वर्षांपूर्वीची पद्धत यांची सांगड त्या रात्री घातली गेली, असे स्वतः लोवी यांचे मत होते. चेतेच्या टोकाशी सुटणारा पदार्थ लगतच्या पेशीपुरताच असेल, तो द्रावणात उतरण्याइतका जास्त कसा सुटेल, ही शंका दिवसा विचार करताना आपल्याला आली असती व आपण हा प्रयोग केलाच नसता, असेही त्यांनी नमूद केले आहे.

आक्षेप आणि पडताळणी

लोवी यांचे निष्कर्ष तत्काळ स्वीकारले गेले नाहीत. इतर अनेक प्रयोगशाळांमध्ये हा प्रयोग यशस्वी होत नव्हता. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील लेऑन आशर हे त्यांच्या प्रमुख टीकाकारांपैकी होते. अपयशाची कारणे हळूहळू स्पष्ट झाली. बेडकाच्या व्हेगस चेतेमध्ये हृदयाची गती कमी करणारे आणि वाढवणारे असे दोन्ही प्रकारचे तंतू एकत्र असतात व त्यांपैकी कोणाचा प्रभाव अधिक राहील, हे ऋतू आणि बेडकाची जात यांनुसार बदलते. शिवाय सुटलेला पदार्थ अत्यंत वेगाने नष्ट होतो व तापमान वाढले की हा वेगही वाढतो. थंडीच्या दिवसांत केलेले प्रयोग अधिक यशस्वी होण्यामागे हे एक कारण होते.

१९२६ साली स्टॉकहोम येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय शरीरक्रियाशास्त्र परिषदेत लोवी यांना हा प्रयोग सर्वांसमक्ष करून दाखवण्यास सांगण्यात आले. तेथे त्यांनी एकाच हृदयावर तो अठरा वेळा यशस्वी करून दाखवला. १९३२ साली ब्रिटिश शास्त्रज्ञ डब्ल्यू. ए. बेन यांनी एका हृदयातील द्रावण दुसऱ्या हृदयाकडे सतत वाहत राहील अशी रचना वापरून हाच निष्कर्ष काढला, आणि त्यानंतर या प्रयोगाविषयीच्या शंका मावळल्या.

पदार्थाची ओळख

स्वप्नाइतकी प्रसिद्धी न मिळालेले, परंतु शोधाला पूर्णत्व देणारे काम लोवी यांनी पुढील पंधरा वर्षांत केले. ॲट्रोपीन हे औषध दिल्यास व्हेगस चेतेचा हृदयावरील परिणाम थांबतो, हे आधीपासून माहीत होते. ॲट्रोपीनमुळे पदार्थ सुटणे थांबत नाही, तर सुटलेल्या पदार्थाची हृदयावरील क्रिया थांबते, हे त्यांनी दाखवले. ॲट्रोपीन दिलेल्या हृदयातील द्रावण ॲट्रोपीन न दिलेल्या हृदयात भरले की ते मंदावत असे. संदेश पाठवणे आणि संदेश ग्रहण करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत, हे यामुळे प्रयोगाने स्पष्ट झाले.

१९२६ साली त्यांनी ए. नाव्रातिल यांच्यासह असे सिद्ध केले, की हृदयाच्या ऊतीमधील एक विकर व्हेगसच्या पदार्थाचे झपाट्याने विघटन करते आणि फायसोस्टिग्मीन हे वनस्पतिजन्य द्रव्य या विकराला रोखते. फायसोस्टिग्मीनच्या उपस्थितीत व्हेगस चेतेचा परिणाम अधिक तीव्र व दीर्घकाळ टिकणारा होतो. व्हेगसचा पदार्थ व ॲसिटिलकोलीन यांचे गुणधर्म सर्व कसोट्यांवर जुळत होते. १९२९ साली डेल आणि हॅरोल्ड डडली यांनी घोडा व बैल यांच्या प्लीहेतून ॲसिटिलकोलीन वेगळे केले. त्यामुळे हा पदार्थ शरीरात नैसर्गिकरीत्या असतो हेही सिद्ध झाले. बेडकाच्या हृदयाची गती वाढवणारा पदार्थ ॲड्रेनलीन असल्याचे लोवी यांनी १९३६ साली दाखवले. सस्तन प्राण्यांच्या अनुकंपी चेतांमध्ये हे काम मुख्यतः नॉरॲड्रेनलीन करते, हे स्वीडनचे उल्फ फॉन ऑयलर यांनी १९४६ साली शोधून काढले.

या संशोधनातून पेशींमधील संदेशवहनाचे एक मूलभूत तत्त्व पुढे आले. संदेशवाहक पदार्थ सुटणे जितके आवश्यक, तितकेच तो लगेच नाहीसा होणेही आवश्यक असते. तसे न झाल्यास पहिला संदेश संपत नाही आणि पुढच्या संदेशाला अर्थ उरत नाही.

नोबेल पारितोषिक

१९३६ सालचे शरीरक्रियाशास्त्र वा वैद्यकातील नोबेल पारितोषिक लोवी आणि डेल यांना चेतासंदेशांच्या रासायनिक वहनासंबंधीच्या शोधांसाठी मिळाले. लोवी यांनी हृदयाच्या बाबतीत जे दाखवले होते, ते स्नायूंना चालना देणाऱ्या चेता व चेतागुच्छ यांनाही लागू पडते, हे डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवर दाखवले होते. मेंदू व मेरुरज्जू यांमधील संदेशवहन मात्र विद्युतीयच असावे, असे मत आणखी काही वर्षे प्रबळ राहिले. या मताचे अग्रणी जॉन एकल्स यांनी स्वतःच्याच प्रयोगांच्या आधारे १९५१ साली रासायनिक वहनाचा स्वीकार केला.

अटक आणि निर्वासन

११ मार्च, १९३८ च्या रात्री ऑस्ट्रियाची सत्ता नाझींच्या हाती गेली. त्याच रात्री सशस्त्र नाझी तरुणांच्या टोळीने लोवी यांच्या घरात शिरून त्यांना अटक केली. त्यांच्या दोन धाकट्या मुलांनाही पकडण्यात आले. लोवी त्या वेळी चौसष्ट वर्षांचे होते. आपल्याला ठार मारले जाईल अशी त्यांची खात्री झाली होती आणि नुकतेच पूर्ण केलेले प्रयोग अप्रकाशितच राहतील, ही चिंता त्यांना लागून राहिली. त्यांनी पहारेकऱ्याकडून एक पोस्टकार्ड आणि लेखणी मिळवली व निष्कर्षांचा सारांश त्यावर लिहून तो एका जर्मन विज्ञानपत्रिकेकडे पाठवला. ते पोस्टकार्ड रवाना झाल्यावर आपल्याला मोठी मनःशांती लाभल्याचे त्यांनी पुढे लिहिले आहे.

सुमारे दोन महिन्यांनी त्यांची सुटका झाली. देश सोडण्याची परवानगी मात्र सहज मिळाली नाही. नोबेल पारितोषिकाची स्टॉकहोममधील बँकेत ठेवलेली रक्कम नाझींच्या नियंत्रणाखालील बँकेकडे वळवण्याचा आदेश त्यांना द्यावा लागला. त्यानंतर सप्टेंबर १९३८ मध्ये ते लंडनला गेले. मालमत्तेच्या व्यवहारांसाठी त्यांच्या पत्नीला मागे अडकवून ठेवण्यात आले. १९४१ सालीच त्या पतीजवळ पोहोचू शकल्या. १९३८ च्या वसंत ऋतूत ग्राझ विद्यापीठात लोवी यांच्यासह एर्विन श्र्योडिंगर आणि व्हिक्टर हेस असे तीन नोबेल विजेते होते. वर्ष संपण्यापूर्वी तिघांनाही ऑस्ट्रिया सोडावा लागला.

अमेरिकेतील जीवन

ब्रुसेल्स आणि ऑक्सफर्ड येथे काही काळ काम केल्यानंतर लोवी १९४० साली न्यू यॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात संशोधक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. १९४६ साली त्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारले. उन्हाळ्यात ते मॅसेच्युसेट्स राज्यातील वुड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत जात आणि तरुण संशोधकांशी चर्चा करण्यात रमत. १९५४ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना परदेशी सदस्यत्व दिले. पत्नी गीडा यांचे १९५८ साली निधन झाले. २५ डिसेंबर, १९६१ रोजी वयाच्या ८८व्या वर्षी न्यू यॉर्क येथे लोवी यांचा मृत्यू झाला.

वारसा

ॲसिटिलकोलीन हा ओळख पटलेला पहिला चेतापारेषक होय. त्यानंतर डोपामीन, सेरोटोनिन, ग्लूटामेट, गॅबा असे अनेक चेतापारेषक ज्ञात झाले. संपर्कस्थानातील दोन पेशींमधील अंतर मिलिमीटरच्या सुमारे पन्नास हजाराव्या भागाएवढे असते. पारेषक पदार्थ हे अंतर ओलांडून समोरच्या पेशीवरील ग्राहींना जोडला जातो. संदेशाचा अर्थ या ग्राहींवर अवलंबून असतो. म्हणूनच जे ॲसिटिलकोलीन हृदयाची गती कमी करते, तेच हातापायांच्या स्नायूंना आकुंचित करते. काही संपर्कस्थानांत विद्युत प्रवाह थेट एका पेशीतून दुसरीत जातो, हेही १९५० च्या दशकात झिंग्यांच्या वर्गातील प्राण्यांवरील प्रयोगांतून आढळले. त्यामुळे जुन्या वादातील दोन्ही पक्षांना सत्याचा अंश मिळाला, तरी रासायनिक वहन हाच प्रमुख प्रकार ठरला.

वैद्यकात या शोधाचा उपयोग दूरगामी ठरला. ॲसिटिलकोलीनचे विघटन करणाऱ्या विकराला रोखणारी औषधे स्नायूंच्या मायस्थेनिया ग्रेव्हिस या विकारात आणि अल्झायमर रोगात दिली जातात. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके व युद्धातील चेतावायू हेही त्याच विकराला निकामी करतात. अशा विषबाधेत शरीरात साठलेल्या ॲसिटिलकोलीनची क्रिया थोपवण्यासाठी रुग्णाला ॲट्रोपीन देतात. लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर वापरलेल्या द्रव्यांची हीच जोडी आजही रुग्णालयांत जीव वाचवण्यासाठी उपयोगी पडते. उपचारांअभावी दगावणाऱ्या रुग्णांमुळे ज्याने रुग्णालय सोडले, त्या वैद्याचे संशोधन अशा रीतीने अखेर रुग्णांपर्यंत पोहोचले. ग्राझच्या वैद्यकीय विद्यापीठातील एका संशोधन केंद्रास त्यांचे नाव देण्यात आले आहे.